नयारकाठची नोंद : महसीरची पिल्लं, तिसरी फेरी

पहिल्या दोन फेऱ्यांत कॅमेऱ्यात एकही पिल्लू आलं नव्हतं आणि त्याचं खापर मी नदीवर फोडून मोकळा झालो होतो. डिसेंबरच्या फेरीत ते माझ्याच डोक्यावर फुटलं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात : सोनेरी महसीर (टॉर प्युटिटोरा) हा गोड्या पाण्यातला मासा आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, यादीत संकटग्रस्त आहे. पावसाळ्यात मोठे मासे उत्तराखंडात व्यासघाटाजवळ गंगा सोडून तिला मिळणाऱ्या नयार नदीत चढतात आणि तिथे अंडी घालतात. गंगेला हिमनद्यांचं पाणी, नयार मात्र झरे आणि पावसावर वाहते, म्हणून ऊबदार. ऑक्टोबरात संगमाच्या दोन्ही अंगांना थर्मामीटर बुडवला तर चक्क ४ अंशांचा फरक! पूर ओसरला की मोठे मासे गंगेत परततात, पिल्लं मागे राहतात.

आणि मी दोन महिने कॅमेरा लावत होतो डोहात. बोटभर पिल्लू तिथे जाईल कशाला? गिळणारे तिथेच बसलेले असतात. या वेळी मुख्य धारेतून फुटलेल्या फाट्यात लावला. पाणी गुडघ्याच्याही खाली, तळाशी गोटे. वीस मिनिटांच्या चित्रणात एका चौकटीत एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसली, तोच आकडा मी धरतो. येणारी-जाणारी सगळी मोजली तर एकच पिल्लू पाचदा वहीत चढतं. आकडा आला ७.

त्यातल्या दोघांवर पैज लावणार नाही. शेपटीच्या मुळाशी काळसर डाग दिसला की आपण उड्या मारतो, पण तो इतर जातींच्या पिल्लांनाही असतो. बॅरिलियस हा छोटा मासा अंगावरच्या उभ्या पट्ट्यांमुळे लगेच वेगळा काढता येतो. महसीरसाठी मिशांच्या दोन जोड्या आणि पार्श्वरेषेवरचे (अंगाच्या बाजूने शेपटीकडे जाणारी रेघ) मोठाले, पंचविसाच्या आसपास खवले बघायचे. म्हणजे वहीत पक्की ५.

आता तळ. दर ठिकाणी दहा गोटे हलवून बघतो आणि होते तसेच ठेवतो, कारण खाली मेफ्लाय या किड्याच्या अळ्या चिकटलेल्या असतात. निम्म्याहून जास्त गाळात रुतलेले किती? डोहाशेजारी ८, फाट्यात २. गोट्यांमधल्या फटी गाळाने बुजल्या की पिल्लांना लपायला जागा नाही आणि खायला अळ्याही नाहीत. ही साधी मोजणी ऑक्टोबरातच केली असती तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

काळजी फाट्याच्या तोंडाची आहे. शेजारी वाळू उपसल्याचा खड्डा आहे आणि धार तिकडे ओढली जातेय. पाणी आणखी उतरलं तर फाटा तुटून डबकं होईल, सातही आत अडकतील. तोंडाशी उंबरठ्यासारखा जो दगड आहे, त्याच्यावरून आज ६ सेंटीमीटर पाणी वाहत होतं. पुढच्या फेरीत कॅमेरा काढायच्या आधी तिथेच पट्टी लावणार.

गढूळ चित्रणातून खवले मोजायची कुणाकडे युक्ती असेल तर सांगा. पिल्लं हातात घेऊन मोजायची नाहीत, एवढीच अट.