वर्गावर जाताना कोणता मंत्र म्हणता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत हमखास कुणीतरी विचारतं, परवा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या नव्या शिक्षिकेनेही विचारलं: “बाई, तुम्ही वर्गावर जाण्याआधी काहीतरी पुटपुटता म्हणे. कोणता मंत्र?” बहुतेकांना ‘गुरुर्ब्रह्मा’ हे उत्तर अपेक्षित असतं. नाही हो. तो गुरुगीतेतला श्लोक शिष्याने म्हणायचा. नववी ‘क’च्या दारात उभं राहून स्वतःलाच ब्रह्मा, विष्णू, महेश ठरवायचं, हे मला तरी जमत नाही. ‘सह नाववतु’ सुंदर आहे, पण तो गुरुशिष्यांनी मिळून म्हणायचा.

मी म्हणते तो तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीचा, म्हणजे पहिल्या भागाचा, चौथा अनुवाक, म्हणजे छोटा परिच्छेद. ‘यश्छन्दसामृषभो विश्वरूपः’ अशी त्याची सुरुवात आहे. त्यात आचार्य स्वतःसाठी मागतो, आणि काय काय मागतो ते बघा. आधी मेधा, म्हणजे बुद्धी. मग धडधाकट शरीर. मग ‘जिह्वा मे मधुमत्तमा’, जीभ गोड असू दे. त्याला लागूनच ‘कर्णाभ्यां भूरि विश्रुवम्’, कानांनी पुष्कळ ऐकता येऊ दे. बोलण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने ऐकणंही मागावं, हे मला फार आवडतं. तिसऱ्या तासाला मागच्या बाकावरून कुणी दबक्या आवाजात शंका विचारतं, तेव्हा ही ओळ उपयोगी पडते. पुढे ‘श्रुतं मे गोपाय’, शिकलेलं जपून ठेव.

इथवर सगळं सात्त्विक. पुढे आचार्य सरळ कपडे मागतो, गाई मागतो, रोजचं अन्नपाणी मागतो, वर लोकर असलेली जनावरंही मागतो. शेवटाकडे तर ‘श्रेयान् वस्यसोऽसानि’, म्हणजे पैसेवाल्यांपेक्षा मी सरस ठरू दे! शिक्षकाने त्यागाची मूर्ती असावं असं भाषणात सांगणाऱ्यांनी हा अनुवाक एकदा जरूर वाचावा. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आणि मानधनासाठी महिनोन्महिने खेटे घालणाऱ्या पोरांना मी तो मुद्दाम सांगते. पोटापाण्याचं मागण्यात लाज कसली? उपनिषदातल्या आचार्यालाही ती वाटली नाही.

आणि मग येतात विद्यार्थी. ‘आ मा यन्तु ब्रह्मचारिणः स्वाहा।’ माझ्याकडे विद्यार्थी येवोत. नाना ठिकाणांहून येवोत, संयमी असोत, शांत असोत. पाणी जसं उताराकडे धावतं आणि महिने जसे वर्षात जाऊन मिळतात, तसे चहूकडून येवोत. आमच्याकडे जूनमध्ये ही ओळ म्हणताना अंगावर काटा येतो, कारण त्याच आठवड्यात आम्ही प्रवेशाचे फॉर्म घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरत असतो. पट, म्हणजे विद्यार्थीसंख्या, घसरला की संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरतं तेव्हा, पद जातं आणि एखादा सहकारी अतिरिक्त ठरतो. हजारो वर्षांपूर्वीच्या आचार्यालाही पटाची काळजी होती म्हणायची!

हा अनुवाक मी एका वेदपाठशाळेतल्या गुरुजींकडून संथा घेऊन शिकले. ते एकदा म्हणणार, मी दोनदा. पोथीत अक्षराखाली आडवी रेघ असली की स्वर उतरवायचा, डोक्यावर उभी रेघ असली की चढवायचा. मी ‘स्वाहा’ घाईत उरकायची. गुरुजी काही न बोलता पोथीवरच्या रेघेवर बोट ठेवायचे आणि मी नीट म्हणेपर्यंत ते उचलायचेच नाहीत. बायकांनी वेद म्हणावेत का, असं अजूनही विचारणारे आहेत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत शिकलेल्या स्त्रिया किती वर्षं पौरोहित्य करतायत, तेवढं सांगून मी तो विषय संपवते.

उपयोग होतो का? मंत्राने वर्ग गप्प बसत नाही, कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. माझा श्वास मात्र खाली येतो. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला होता. कॅथलिक जपमाळ आणि ‘ॐ मणिपद्मे हुं’, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो, असं त्यात दिसलं. मला यात काही नवल वाटलं नाही. आधीच्या तासाची चिडचिड पुढच्या वर्गात न्यायची नसेल, तर जिन्यातली ती दोन मिनिटं पुरतात.

मुलांकडून मात्र मी हा म्हणवून घेत नाही. आमच्या वर्गात नमाज पढणारी मुलं आहेत, बुद्धवंदना म्हणणारी आहेत, रविवारी चर्चला जाणारी एक मुलगीही आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत बसवता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या अनुच्छेदात स्पष्ट आहे. पण मला नियमाचीही गरज पडत नाही. मंत्रच मुळी शिकवणाऱ्याचा आहे, तर शिकणाऱ्यांच्या गळ्यात कशाला?

तेव्हा शिकायचा असेल तर स्वरांच्या खुणा असलेली पोथी घ्या आणि जवळपास कुणी वैदिक असतील त्यांना गाठा. मोबाईलवर ऐकून चाल बसते, पण चुकलेलं ‘स्वाहा’ मोबाईल दुरुस्त करत नाही. सगळा जमेपर्यंत नुसतं ‘जिह्वा मे मधुमत्तमा’ म्हटलंत तरी चालेल, विशेषतः सहामाहीचे पेपर वाटायच्या दिवशी.