दिवा न पेटवता दिवाळी

आमच्या फ्रिजच्या दारावर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी लटकतात. एक कालनिर्णय, जे आई दरवर्षी इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत कोंबून पाठवते. दुसरं इथल्या चिल्ड्रन्स म्युझियमचं. पहिल्यात संकष्टी कधी ते कळतं, दुसऱ्यात शनिवारी पोरांना कुठे न्यायचं ते. ऑक्टोबर सरत आला की दुसऱ्याकडेच जास्त लक्ष जातं. अमेरिकेच्या या मिडवेस्ट भागात तेव्हापासून थंडी हातपाय पसरायला लागते, बागेतल्या घसरगुंड्यांवर दव गोठतं आणि घरात कोंडलेलं सहा वर्षांचं मूल सोफ्यावरून उड्या मारू लागतं. तिकडे बसून तुम्हाला वाटत असेल की म्युझियमला जाणं म्हणजे अभ्यास. इथल्या आयांना विचारा, तो तगून राहण्याचा मार्ग आहे.

शिवाय हे आपल्या ओळखीचं म्युझियम नव्हे. आपल्याकडे शाळेच्या सहलीत रांगेत उभं राहून काचेपलीकडच्या तलवारी पाहिल्या, ‘हात लावू नये’ची पाटी वाचली आणि बाहेर येऊन डबा खाल्ला. इथे हात लावायलाच बोलावतात. मुलांसाठीचं जगातलं पहिलं म्युझियम न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८९९ साली निघालं. पुढे १९६० च्या दशकात बॉस्टनच्या चिल्ड्रन्स म्युझियमचे संचालक मायकेल स्पॉक यांनी वस्तू काचेच्या कपाटांतून बाहेर काढून मुलांच्या हातात दिल्या. बालसंगोपनाच्या पुस्तकामुळे घराघरांत पोहोचलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. आज बहुतेक चिल्ड्रन्स म्युझियमं त्याच वाटेने चालतात.

यातलं सगळ्यात मोठं आमच्यापासून गाडीने जाण्याच्या टप्प्यात आहे, इंडियानापोलिसला. मेरी स्टुअर्ट कॅरी नावाच्या बाई ब्रुकलिनचं म्युझियम पाहून आल्या आणि आपल्या गावातही असं हवंच म्हणून १९२५ मध्ये त्यांनी ते उभं केलं. आता ते जगातलं सगळ्यात मोठं चिल्ड्रन्स म्युझियम आहे. बाहेरून बघाल तर इमारतीची भिंत फोडून डायनासोर रस्त्यावर निघालेले दिसतात. तिथलं हॅलोवीनचं भूतघर १९६४ पासून दरवर्षी लागतं आणि ते उभारतात म्युझियमच्या स्वयंसेवकांच्या गिल्डमधले लोक. मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटली ती ही, की लहान मुलांसाठी दिवे लावून दाखवण्याच्या वेळा वेगळ्या असतात. उजेडात भुताचा पोशाख, शिवण, त्यामागचा हसरा माणूस, सगळं दिसतं. आमच्या चिरंजिवांनी एका चेटकिणीशी दोन मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या. अंधारातल्या वेळेला जायचं का, असं विचारल्यावर मात्र “पुढच्या वर्षी” हे उत्तर ठरलेलं आहे.

आमच्या स्वतःच्या शहरातलं म्युझियम एवढं मोठं नाही. दोन मजले, खाली पाण्याचं टेबल आणि लाकडी ठोकळे, वर एक छोटं खोटं दुकान, जिथे पोरं तासन्‌तास प्लास्टिकच्या भाज्या स्कॅन करत बसतात. पण त्याचं वार्षिक चक्र कुठल्याही मोठ्या म्युझियमइतकंच भरगच्च असतं. ऑक्टोबरअखेर हॅलोवीन, त्याला लागूनच मेक्सिकन कुटुंबांचा दिया दे लोस मुएर्तोस, म्हणजे गेलेल्या माणसांची आठवण काढायचा सण, आणि आपली दिवाळी. डिसेंबरात ज्यू कुटुंबांचा हनुका, ख्रिसमस आणि २६ तारखेपासून आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांचा क्वांझा. ३१ डिसेंबरला ‘नवीन वर्ष’ दुपारी बारा वाजता येतं: उलटी मोजणी, वरून सोडलेले फुगे, सफरचंदाचा रस, आणि साडेबाराला सगळे डुलकी काढायला घरी. हा शोध ज्याने लावला त्याला आईबापांनी मिळून काहीतरी पदवी द्यायला हवी. मग चांद्र नववर्षाचा सिंहनाच, ज्यात निम्मी मुलं नाचतात आणि निम्मी आईच्या खांद्यात तोंड लपवतात. जूनमध्ये जूनटीन्थ. टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनला १९ जून १८६५ रोजी गुलामगिरी संपल्याचा हुकूम पोहोचला, त्या दिवसाची आठवण; २०२१ पासून ती देशाची अधिकृत सुट्टी आहे.

आता दिवाळीबद्दल.

म्युझियमच्या कार्यक्रम पाहणाऱ्या बाईंनी आमच्या महाराष्ट्र मंडळाला विचारलं, तुम्ही कराल का? मंडळात एकदम उत्साह. पहिल्या बैठकीत निघालेली यादी अशी: ढोल-ताशा, लावणी, किल्ला, फराळाचे बारा प्रकार, पैठणीचं प्रदर्शन, शिवाजी महाराजांवर दहा मिनिटं, आणि जमल्यास गणपतीची आरती, “कारण त्याच्याशिवाय कसं?” मग बाईंचं पत्र आलं. ज्योत चालणार नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. ते अग्निशमन खात्याचे नियम. घरी केलेलं खाणं नाही, शेंगदाणे-काजू-बदाम तर मुळीच नाही, कारण ॲलर्जीवाली मुलं येतात. रांगोळीची पूड नाही, कारण रांगणारी बाळं ती तोंडात घालतील. ढोल वाजवायचा तर बाहेर अंगणात. त्याच सकाळी दार उघडण्याआधीचा एक तास ऑटिझम असलेल्या मुलांसाठी राखलेला होता, तेव्हा दिवे मंद आणि आवाज बंद ठेवतात, आणि काही कुटुंबं नंतरही थांबतात. शेवटी एक ओळ होती: प्रत्येक टेबलावर मूल आणि मोठं माणूस मिळून करतील असं काहीतरी हवं, नुसतं पाहायचं नको.

दिवा नाही, फराळ नाही, आवाज नाही. बैठकीत कुणीतरी म्हणालं, मग दिवाळीत उरलं काय, शुभेच्छापत्रं? मंडळातले एक काका तर “आपला सण त्यांच्या नियमांत बसत नसेल तर करूच नये” या मतावर ठाम होते, आणि मला ते पूर्ण चूक वाटत नव्हते. सणातून उजेड आणि खाणं काढून घ्यायचं आणि वर त्याला सांस्कृतिक ओळख म्हणायचं, हे जरा अतीच होतं.

कोंडी फोडली ती साताऱ्याकडच्या एका काकूंनी. लेकीच्या बाळंतपणासाठी आलेल्या, बैठकीत सहज बसलेल्या. त्या म्हणाल्या, “अगं, कारीट फोडू द्या की पोरांना.”

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं की तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने ते कडूजहर फळ फोडायचं, म्हणजे नरकासुराला मारायचं. माझ्या लहानपणी दिवाळीतला सगळ्यात आवडता क्षण तो होता. अंग उटण्याने चुरचुरतंय, बाहेर थंडी, आणि आपल्याला चक्क काहीतरी चिरडायची परवानगी. इथे कारीट कुठून आणणार? आम्ही कागदी पेले घेतले. मुलाने आईबाबांबरोबर बसून पेल्यावर आपला राक्षस काढायचा, डोळे, दात, शिंगं, काय हवं ते; मग तो जमिनीवर उपडा ठेवायचा आणि एका पायाने फाडकन चिरडायचा. बस्स. लावणी गेली, पैठणी गेली, महाराजांची दहा मिनिटंही गेली. यावर दोन घरांत अजून अबोला आहे.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली होती, आणि म्युझियमने दिवाळी ठेवली त्याच आठवड्याच्या शनिवारी. त्यामुळे पोरं हॅलोवीनचेच पोशाख पुन्हा चढवून आली. सांगाडे, वटवाघळं, एक पूर्ण हिरवा राक्षस, आणि हे सगळे रांगेत उभे राहून नरकासुर मारतायत! हिरव्या राक्षसाने मला विचारलं, नरकासुर टी-रेक्सपेक्षा मोठा होता का? मी म्हटलं, हो, बहुतेक. सत्यभामेचं नाव सांगितल्यावर एका मुलीने आपल्या पेल्यावरच्या राक्षसापुढे धनुष्यवाली बाई काढली आणि पेला चिरडायला साफ नकार दिला, कारण ती बाई चुरगळली असती. तिची आई आणि ती दहा मिनिटं यावर वाद घालत होत्या. शेवटी तिने दुसरा पेला मागून घेतला.

दुसऱ्या टेबलावर ठिपक्यांची रांगोळी होती. पुडीऐवजी काळ्या कागदावर पांढरे गोल स्टिकर, आणि ठिपके जोडायला रंगीत खडू. हे टेबल लहान मुलांसाठी म्हणून मांडलं, पण तिथे खरे रमले ते आजोबा लोक. एका उंच, टोपीवाल्या आजोबांची नातवंडं केव्हाच वर भाज्या स्कॅन करायला पळाली, तरी ते बसूनच होते. प्रत्येक ठिपक्याला वळसा घालून रेघ परत सुरुवातीला कशी येते, ते त्यांना कागदावर सिद्ध करून हवं होतं. काकू इंग्रजी बोलत नाहीत आणि ते मराठी, पण दोघांचं छान चाललं होतं. काकू मधूनच त्यांचा खडू हातातून काढून घेऊन चुकलेली रेघ दुरुस्त करत होत्या.

मातीच्या पणत्यांचं टेबल मात्र मला फारसं आवडलं नाही. आपोआप वाळणारी माती, अंगठ्याने खळगा, आत बॅटरीचा मिणमिणता दिवा. सुरेख दिसतात, फोटो चांगले येतात. पण पणतीत तेल ओतताना हात जरा थरथरतो, वात भिजेपर्यंत थांबावं लागतं, वाऱ्यापासून तिला तळव्याचा आडोसा करावा लागतो. बटणाच्या दिव्यात यातलं काही येत नाही. कागदी पेल्यात कारिटाची कृती तरी शाबूत राहिली होती.

आमच्या शेजारीच मेक्सिकन कुटुंबांनी आपली ओफ्रेन्दा मांडली होती. पायऱ्यापायऱ्यांची वेदी, वर गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्या आवडीच्या वस्तू, कागदाच्या नक्षीदार पताका आणि सगळीकडे केशरी झेंडू, तेही टिश्यू पेपरचे. आमच्याकडेही झेंडूच्या माळा, त्याही कागदाच्याच. आम्ही दसरा-दिवाळीला ज्याच्याशिवाय दाराला तोरण लावत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, युरोपीय जहाजांतून आपल्याकडे आलेला. त्या टेबलावरच्या बाईंना मी हे सांगितलं तर त्या हसल्या आणि आपल्याकडची एक माळ उचलून आमच्या टेबलाला बांधून टाकली. थोड्या वेळाने आमचे चिरंजीव कोऱ्या कागदावर आजोबांचं चित्र काढून, मिशीसकट, त्यांच्या वेदीवर ठेवून आले. त्यांनी जागाही करून दिली. पितृपक्ष नुकताच होऊन गेला होता. त्यात आम्ही याला कधी काही करायला दिलं नव्हतं, नुसतं “आज शांत बस” म्हटलं होतं.

टेबलांपुरता सण, त्यातही दोन-तीन तासांचा, याला मर्यादा आहेतच. त्याच्या पुढे जाऊन काय करता येतं ते पाहायचं तर बॉस्टनला जावं. तिथल्या म्युझियमच्या आत एक अख्खं जपानी घर आहे. क्योतो आणि बॉस्टन ही १९५९ पासूनची भगिनी शहरं. १९७९ मध्ये क्योतोने रेशमाच्या व्यापाऱ्याचं एक जुनं दुमजली घर भेट दिलं आणि जपानी सुतारांनी इथे येऊन ते पुन्हा जोडून उभं केलं. आत शिरताना बूट काढायचे. एवढंच. पण जन्मभर बुटांसकट घरभर वावरलेली अमेरिकन मुलं तिथे दारात बसतात, नाडी सोडतात, मोज्यांनी तातामीच्या चटईवर पाय ठेवतात आणि आवाज आपोआप खाली येतो. कुणी व्याख्यान देत नाही. आमच्या पोराला बूट काढण्यात काहीच नवल नव्हतं. तो दारातच एका मुलाला समजावत होता की आमच्याकडेही असंच असतं, आणि आमची आई ओरडते.

असं घर कुठल्या मंडळाला परवडणार? पण तिथून आल्यावर मंडळात मी एक मुद्दा रेटायला लागले आहे: वर्षाला एकच कृती घेऊ, ती नीट करू. दाखवण्याची हौस आपल्याला फार. पोरांना ढोल बघितल्याचं आठवत नाही, पेला फोडल्याचं आठवतं.

जाता जाता पैशांचं, कारण तिकडून हमखास हाच प्रश्न येतो. तिकिटं स्वस्त नसतात, कुटुंबाची वार्षिक सदस्यता घेतली तरच परवडतं. तीही अशी घ्यावी, जिला इतर गावांतल्या म्युझियमांशी परस्पर सवलत आहे. मग देशभरातल्या शेकडो ठिकाणी सहा जणांपर्यंत निम्म्या तिकिटात जाता येतं. आणि एक गोष्ट मला मनापासून आवडली. ‘म्युझियम्स फॉर ऑल’ नावाची योजना २०१४ पासून आहे. सरकारी अन्नसाहाय्याचं कार्ड दाखवलं की चार माणसांपर्यंत प्रत्येकी फार तर तीन डॉलर, कित्येक ठिकाणी फुकट. सणाच्या दिवशी हे कार्डवाले आणि सदस्य एकाच रांगेत असतात, आणि कोण कुठल्या तिकिटावर आलंय ते विचारलं जात नाही.

आता जानेवारीसाठी म्युझियमने संक्रांत मागितली आहे. पतंग ठरले, घरातल्या घरात उडणारे, पातळ कागदाचे, काठीला बांधलेले. तिळगूळ मात्र बाद. १ जानेवारी २०२३ पासून तीळ इथल्या मुख्य ॲलर्जींच्या सरकारी यादीत नववा आलाय, त्यामुळे नुसता डबा उघडायलाही परवानगी नाही. काकूंच्या लेकीचं बाळंतपण आटोपलं, काकू परत साताऱ्याला गेल्या, पण व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. काल रात्री त्यांनी बोरन्हाणाचा फोटो टाकला आहे आणि खाली लिहिलंय: बोरं, चुरमुरे नकोत तर लोकरीचे गोंडे ओता पोरांच्या डोक्यावर, लुटू दे त्यांना. त्यावर एकवीस उत्तरं आली आहेत. गोंडे कोण विणणार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.