तुम्ही विचारलंत म्हणून: लाँगबोला धातूची मूठ कशाला?

माझं धनुष्य पिशवीतून तीन तुकड्यांत बाहेर येतं. बांबूच्या दोन भुजा आणि ॲल्युमिनियमची काळी मूठ. ते जोडून होईपर्यंत कुणीतरी विचारतंच, "याला लाँगबो म्हणता? मग मूठ धातूची कशी?" मुरबाड रोडला मावसभावाच्या वाडीवर आम्ही रविवारी जमतो तिथे विचारतात, कंपनीत विचारतात, ठाणे स्टेशनवर पिशवी तपासणाऱ्या हवालदारांनीही विचारलंय. म्हणून एकदा नीट लिहूनच काढतो.

विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अखंड लाकडाचं, माणसाएवढं इंग्लिश धनुष्य असतं. ते चूक नाही. १५४५ साली बुडालेलं 'मेरी रोज' हे जहाज १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं. त्यातली शंभराहून जास्त धनुष्यं 'यू' नावाच्या झाडाची, एकेका फाळक्यातून काढलेली. त्यांची मूठ वेगळी नाही, भुजा वेगळ्या नाहीत. पण आज मैदानावर आम्ही लाँगबो ओळखतो तो दोरीवरून. रिकर्व्ह या दुसऱ्या प्रकारच्या धनुष्याची टोकं पुढे वळलेली असतात, म्हणून दोरी चढवली की ती काही इंच भुजेवर टेकून बसते. लाँगबोची दोरी शेवटच्या खाचेत टेकते, बाकी कुठेही नाही. मी कागदाची पट्टी दोरी आणि भुजेच्या मधे घालतो आणि टोकाकडे सरकवत नेतो. ती खाचेपर्यंत न अडकता गेली, तर माझ्या लेखी तो लाँगबो. माझ्यात जाते. मूठ लाकडाची की धातूची, याचा त्याच्याशी संबंध नाही. स्पर्धांचे नियम वेगळे असू शकतात, पण हे धनुष्य मी स्पर्धेसाठी केलेलं नाही.

आता मुळात स्वतः का बनवलं. मी डावखुरा आहे. धनुष्य उजव्या हातात, दोरी डाव्या हाताने, म्हणून बाण मुठीच्या उजव्या अंगाने जायला हवा. दुकानात गेलो की उजव्या हाताच्या मुठी हारीने टांगलेल्या, आणि माझ्यासाठी "मागवून देतो". दोनदा मागवली, दोनदा उजव्या हाताचीच आली. मी वागळे इस्टेटमध्ये मशीनचे प्रोग्रॅम लिहितो. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली जिथे झाली त्याच वसाहतीत रोज ॲल्युमिनियम कापायचं आणि मुठीसाठी दुकानदाराच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे मनाला पटेना. संगणकावर आकृती आरशात उलटी करायला एक क्लिक लागते.

मालकांना विचारून, शनिवारी शिफ्ट सुटल्यावर व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, जॉब लावला. ठोकळा सहा किलोचा; मूठ तयार झाली तेव्हा सव्वा किलो भरली, बाकी सगळा कीस. एकोणीस इंच लांबी घेतली. भुजा बसवायला आयएलएफ ही जोडणी: अमेरिकेच्या हॉइट कंपनीकडून ऐंशीच्या दशकात आलेली, आता कितीतरी कंपन्या वापरतात. लिम्बच्या (मैदानावर भुजेला लिम्बच म्हणतात) बुंध्याची खाच एका बोल्टच्या डोक्याखाली सरकते, मागचं बटण मुठीतल्या खाचेत बसतं, आणि दोरीचा ताण दोन्ही धरून ठेवतो. बोल्ट फिरवला की धनुष्याची ताकद, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, थोडी कमी-जास्त होते.

खरं काम मुठीच्या दोन टोकांना असलेल्या या दोन खाचांचं आहे. खाच अर्धा अंश तिरकी कापली गेली, तर अर्ध्या मीटरवरच्या लिम्बच्या टोकाला ती चूक चार मिलिमीटरच्या वर जाते. मग दोरी मुठीच्या मध्यावरून जातच नाही. म्हणून आमच्या मिलिंगवाल्या काकांनी बजावलं होतं, "दोन्ही खाचा एकाच सेटिंगमध्ये मार. जॉब उचललास की संपलं." त्यांनी स्वतः डायल लावून जॉब सरळ केला आणि दोन्ही खाचा होईपर्यंत क्लॅम्पला कुणाला हात लावू दिला नाही. लाकडात हे मला जमलं नसतं. लाकडी मूठ हाताने घासावी लागते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फुगते, वाकते. शिवाय बाण मधल्या रेषेजवळून जायचा तर खिडकी, म्हणजे बाण जायला मुठीच्या बाजूला कापलेली जागा, खोल कापावी लागते. लाकडात तेवढं कापायचं तर उरलेला भाग बराच जाड ठेवावा लागतो.

वजनाचाही फायदा आहे. हलक्या लाँगबोचा बाण सुटला की उरलेला धक्का मुठीतून मनगटात, मनगटातून कोपरात येतो. पन्नास बाणांनंतर हात दुखायला लागतो. सव्वा किलोची मूठ त्यातला बराच धक्का गिळते.

पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे लिम्ब बनवणं मी अजून शिकतोय. आतापर्यंत पाच जोड्या केल्या, दोन धड आहेत. अखंड धनुष्यात एक चूक झाली की सगळंच गेलं. इथे मूठ तीच राहते, लिम्ब बदलतो. आत मानवेल बांबूच्या पट्ट्या, दोन्ही अंगांना फायबरग्लास, मधे इपॉक्सी. बांबूचा सालीकडचा भाग सगळ्यात चिवट, तो जपायचा. आपल्या 'इंडियन राउंड' या देशी स्पर्धाप्रकारामध्ये आजही बांबूचंच धनुष्य असतं, तेव्हा हे साहित्य आपल्याला परकं नाही. जाडीवर मात्र फार लक्ष ठेवावं लागतं. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. आठ मिलिमीटरच्या लिम्बवर अर्धा मिलिमीटर जास्त राहिला तर ताकद वीस टक्के वर जाते. रंध्याचा एकेक हात मोजून मारतो.

तिसरी जोडी जुलैत चिकटवली होती. दोरी चढवली, तीनदा ओढली, चौथ्यांदा टर्र आवाज झाला आणि वरच्या लिम्बची पट्टी बुंध्यापासून सुटली. आत बघितलं तर इपॉक्सीचा थर आरशासारखा गुळगुळीत, बांबूचा एक तंतू त्याला लागलेला नाही. बांबू ओला होता. हाताला कोरडा लागत होता, पण ओला होता. तेव्हापासून आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा माझ्याकडे आहे. पट्ट्या प्लायवूडच्या पेटीत दोन बल्बच्या उबेला ठेवतो, दर दोन दिवसांनी वजन करतो, आणि वजन उतरायचं थांबल्याशिवाय इपॉक्सीचा डबा उघडत नाही. चिकटवायचं काम दिवाळीनंतर.

येऊर घराजवळ असलं तरी तिथे धनुष्य नेत नाही. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, आणि कुणी तिथे चला म्हटलं तर तुम्हीही जाऊ नका. वाडीवर अठरा मीटर जागा आहे, मागे मातीचा उंच बांध आहे. तेवढं पुरतं.

आता सहावी जोडी घेतलीय. माझी भाची नववीत आहे, तीही डावखुरी. माझे लिम्ब ३८ पाउंड ताकदीचे, ते तिला ओढवत नाहीत. तिच्यासाठी २० पाउंडांचे करतोय; मूठ हीच, आणि तिचा हात वाढेल तशी पुढची जोडी. "मामा, कधी होणार?" असं ती दर आठवड्याला विचारते. पट्ट्या पेटीत आहेत. परवा २१२ ग्रॅम भरल्या, आज २०९. अजून उतरतंय.