लंडनमध्ये 'मोटाउन द म्युझिकल'

शाफ्ट्सबरी थिएटरमधलं 'मोटाउन' हे संगीत नाटक २० एप्रिल २०१९ला बंद झालं.

गोष्ट बेरी गॉर्डीची. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात राबलेल्या या माणसानं १९५९मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली, तीच पुढची 'मोटाउन'. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या साध्याशा घरात स्टुडिओ थाटला. स्मोकी रॉबिन्सन, डायना रॉस, मार्विन गे, स्टीव्ही वंडर ही सगळी गायक मंडळी तिथलीच. नाटक उघडतं ते कंपनीच्या १९८३च्या रौप्यमहोत्सवात, टेम्प्टेशन्स आणि फोर टॉप्स या गायकचमूंच्या जुगलबंदीनं, आणि पहिल्या पाच मिनिटांतच थिएटर डोलायला लागतं.

संहिता खुद्द गॉर्डीची आहे, ते जाणवतं. कंपनीसाठी गाणी रचणाऱ्या हॉलंड-डोझियर-हॉलंड या त्रिकुटाशी झालेला कोर्टातला झगडा भराभर उरकलाय. ज्यांच्या वाजवण्यावर हा सगळा डोलारा उभा राहिला त्या फंक ब्रदर्सना तर फारच थोडी जागा मिळालीय. त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. शिवाय पन्नासहून जास्त गाणी बसवायची म्हणून बहुतेकांचा नुसता तुकडाच ऐकायला मिळतो. 'वन्स मोअर' ओठांवर येईपर्यंत पुढचं सुरू! म्हणून मूळ गाणी पूर्ण ऐकाच.

तरीही अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा प्रसंग आला की हे सगळं विसरायला होतं. गोरे आणि काळे प्रेक्षक वेगवेगळे बसवायचे, मध्ये पोलीस. आणि गाणी मात्र दोघांनाही हवीत. ही कंपनी किती मोठी होती ते तिथे कळतं. पुढे डायना रॉस प्रेक्षकांतल्या कुणाला तरी सोबत गायला लावते आणि सगळ्यांना शेजाऱ्याचा हात धरायला सांगते. माझ्या शेजारच्या अनोळखी आजींनी माझा हात इतका घट्ट धरला की त्यांच्या अंगठ्या रुतल्या. गाणं संपल्यावरही त्यांनी तो लगेच सोडला नाही. छोटा मायकल जॅक्सन झालेल्या पोरानं तर टाळ्यांचा कडकडाट मिळवला.

या थिएटरात दुसरं काही बघायला गेलात आणि परवडत असेल तर स्टॉल्स, म्हणजे खालच्या जागाच घ्या, डायनाचा प्रसंग तिथून जवळून अनुभवता यायचा. ग्रँड सर्कल हा वरचा सज्जा फार उंच आणि उभट आहे. गुडघे दुखणाऱ्यांना तिथे नेऊ नका. 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलेली जागा स्वस्त असते, पण समोर काय आडवं येतंय ते विचारल्याशिवाय घेऊ नका. तारीख पक्की नसेल तर लेस्टर स्क्वेअरच्या टीकेटीएस खिडकीवर कमी दरातली तिकिटं मिळतात का ते बघा. टॉटनहम कोर्ट रोड स्टेशनवरून थिएटर चालत जवळ आहे. 'मोटाउन'ला मध्यंतर धरून अडीच तासांच्या वर जायचे आणि रात्रीचा प्रयोग सुटेपर्यंत दहा वाजून जायचे, तेव्हा जेवण आधीच उरकलेलं बरं. शाकाहारी असाल तर यूस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळ, डोसा, थाळी सगळं मिळतं.