पाइप कधी वाजतो ते आधी बघा

"हीटिंग वाजतंय" एवढ्यावरून बॉयलरवाला काय, कुणीच काही सांगू शकत नाही. इंग्लंडमधल्या घरात बॉयलर, पंप, आठ-दहा रेडिएटर आणि जमिनीच्या फळ्यांखालून फिरवलेले तांब्याचे पाइप यांचा मिळून एकच बंद फेरा असतो. धातूतून आवाज लांबवर जातो. स्वयंपाकघरातल्या बॉयलरची घरघर वरच्या बेडरूमच्या रेडिएटरमधून ऐकू येते आणि माणूस बिचाऱ्या रेडिएटरच्या मागे लागतो. म्हणून कुठे वाजतंय ते नंतर; कधी वाजतंय आणि कसं वाजतंय हे आधी टिपून घ्या. आवाजांना नावं द्यायला मराठीत शब्दांची ददात नाही. टकटक, खळखळ, सूंसूं, घरघर, धाडधाड हे नीट वेगवेगळे वापरले तरी अर्धं निदान झालं.

त्यासाठी एक संध्याकाळ काढा. हीटिंग दोन-तीन तास बंद ठेवून पाइप पूर्ण गार होऊ द्या, मग चालू करा आणि घड्याळाकडे बघत बसा. पंप सुरू झाल्या झाल्या आवाज आला तर तो पाण्याच्या वाहण्याचा. पाइप तापताना पहिली दहा-पंधरा मिनिटं वाजला, मधे गप्प बसला आणि हीटिंग बंद केल्यावर पुन्हा वाजला, तर तो धातूच्या फुगण्या-आकसण्याचा. फक्त बर्नर पेटलेला असताना आला तर तो बॉयलरच्या पोटातला. आणि हीटिंग बंद असतानाच वॉशिंग मशीनने पाणी घेणं थांबवलं की धाडकन आवाज येत असेल, तर त्याचा हीटिंगशी काही संबंध नाही. तो नळाच्या थंड पाण्याचा दणका आहे. मुख्य कॉक अर्धी फेरी कमी करून बघा आणि सुटलेला पाइप क्लिपने भिंतीला बांधा. बहुतेकदा तेवढ्यात भागतं.

खळखळ म्हणजे हवा. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम, ही त्याची खूण. हीटिंग बंद करा, रेडिएटर कोमट झाला की खालच्या मजल्यापासून सुरुवात करा. वरच्या कोपऱ्यातला स्क्रू किल्लीने पाव ते अर्धी फेरी सैल करायचा, खाली फडकं धरायचं आणि फुसफुस संपून पाणी आलं की बंद करायचा. कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा) असेल तर नंतर दाबाचा काटा बघा. पाणी गार असताना तो १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. कमी असेल तर फिलिंग लूपमधून (नळाचं पाणी फेऱ्यात सोडणारी जोडनळी) पाणी भरा आणि त्याचे कॉक घट्ट बंद करा.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. घोळ पुढे होतो. बंद फेऱ्यात वर्षातून एखाद्या वेळी हवा निघाली तर ठीक; दर महिन्याला निघत असेल तर ती येते कुठून, हे विचारायला हवं. प्रत्येक वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, रेडिएटरचं पोलाद गंजतं, काळा गाळ तयार होतो आणि त्या गंजण्यातून हायड्रोजनही सुटतो. तुम्ही जी 'हवा' काढता त्यात तो असू शकतो, त्यामुळे जवळ काडी पेटवू नका. म्हणजे हवा काढ, पाणी भर हा दर महिन्याचा कार्यक्रम हाच रोग वाढवणारा आहे. दाब जातोय कुठे ते शोधा. काटा गार असताना १ बार आणि गरम झाल्यावर ३ च्या जवळ जात असेल, तर एक्स्पान्शन व्हेसलमधली, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली, हवा गेलेली असते. ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी घराबाहेर टाकतो. बॉयलरच्या मागच्या भिंतीतून खाली वळलेला तांब्याचा तुकडा दिसतो ना, त्याच्या तोंडाखाली विटांवर ओल किंवा पांढरा ओघळ आहे का बघा. असेल तर इंजिनिअरला बोलवा आणि नेमकं हेच सांगा.

हवा काढताना आलेलं पाणी पांढऱ्या कपात धरा. स्वच्छ किंवा किंचित पिवळट असेल तर चिंता नाही. शाईसारखं काळं असेल आणि रेडिएटर खाली मधोमध गार राहत असेल, तर गाळ साचलाय. हाच गाळ पुढे बॉयलरमध्ये घरघर आणतो. आधण ठेवल्यावर उकळी फुटायच्या आधी पातेलं जसं आवाज करतं, अगदी तसाच आवाज, फक्त मोठा. बर्नरची आच जिथे पाण्याला लागते त्या हीट एक्स्चेंजरच्या एखाद्या भागात पाणी पुरेसं वाहत नाही किंवा क्षार धरलेले असतात. तिथे वाफेचे बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. लंडनचं पाणी जड म्हणून सगळं खापर क्षारांवर फोडतात. पण बंद फेऱ्यात पहिल्यांदा भरलेल्या पाण्याबरोबर जेवढा चुना आला तेवढाच. नवं पाणी जाणार नसेल तर नवा चुना कुठून येणार? एक्स्चेंजरवर खूप क्षार सापडले तर पाणी कुठेतरी गळतंय आणि वरचेवर भरलं जातंय, असाच त्याचा अर्थ. उपाय म्हणजे गाळ पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर साफ करणं, क्लीनर घालून फेरा धुणं आणि मग इन्हिबिटर (गंज रोखणारं रसायन) घालणं. त्याची एक लिटरची बाटली साधारण १०० लिटर पाण्याला पुरते. डब्यावरचं प्रमाण वाचा. बॉयलरचं कव्हर मात्र आपण उघडायचं नाही. ते काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, नाव असलेल्या माणसाचं.

सूंसूं म्हणजे पाणी गरजेपेक्षा जोरात धावतंय. १५ मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपातून मिनिटाला सुमारे पावणेनऊ लिटर पाणी गेलं की वेग सेकंदाला एक मीटर होतो आणि त्यापुढे कान द्यावा लागत नाही. वेगळा पंप असेल तर त्यावरचं १-२-३ चं बटण ३ वरून २ वर आणून बघा. संध्याकाळी खोल्या तापून थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह एकेक बंद झाले की सगळं पाणी उरलेल्या एका रेडिएटरवर येतं. त्या वेळेलाच सूंसूं सुरू होत असेल, तर बायपास व्हॉल्व्ह (जादा पाण्याला परत जायची वाट देणारा) नाही किंवा तो चुकीच्या दाबाला लावलाय. आणि एखादा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बंद होत आला की मशीनगनसारखं धाडधाड करत असेल, तर तो उलटा बसवलाय. जुने व्हॉल्व्ह एकाच दिशेचे असत, अंगावर बाण असतो. हीटिंग चालू केल्यावर रेडिएटरचं कुठलं टोक आधी तापतं ते हाताने बघा, बाण जुळवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर धाडधाड थांबली तर खात्रीच. दोन्ही दिशांचा व्हॉल्व्ह बसवून टाका.

उरली टकटक. तक्रारी सगळ्यात जास्त हिच्याच, आणि चुकीचा उपायही हिच्यावरच सगळ्यात जास्त होतो. हवा काढून टकटक जात नाही. फेरा धुऊन तर नाहीच. ते शेकडो पौंड पाण्यात.

हिशोब साधा आहे. पाच मीटर तांब्याचा पाइप १५ अंशांवरून ७५ वर गेला की सुमारे ५ मिलिमीटर लांबतो. मोकळा असता तर गुपचूप सरकला असता. पण जुन्या घरांत तो लाकडी जॉइस्टच्या (फळ्या पेलणाऱ्या तुळईच्या) खाचेत बसवलेला असतो. इथल्या नियमाप्रमाणे खाच जॉइस्टच्या उंचीच्या एक अष्टमांशापेक्षा खोल नको, म्हणजे २०० मिलिमीटरच्या जॉइस्टला २५. त्यात २२ मिलिमीटरचा पाइप घातला की ३ मिलिमीटर उरले. तेवढ्यात वरून फळी दाबून बसते. पाइप लाकडाला घट्ट चिकटून राहतो, ताण साठतो, आणि मग एकदम केसभर सरकतो: टक. पुन्हा चिकटतो, पुन्हा टक.

जागा शोधायला दोन माणसं लागतात. एकाने खाली छताला कान द्यायचा, दुसऱ्याने वर फळ्यांवर एकेक पाऊल दाबत चालायचं. ज्या फळीवर आवाज बदलला, तिथे पाइप अडलाय. मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली तरी कळतं.

फळी उचलण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. बॉयलरवर रेडिएटरचं चित्र असलेलं बटण ७५ वरून ५५-६० वर आणा. वाढ पाचवरून साडेतीन-चार मिलिमीटरवर येते, पाइप सावकाश तापतो आणि कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली उष्णताही वापरणारा) गॅसही कमी खातो. फक्त गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर ती ६० अंशांपर्यंत तापली पाहिजे, नाहीतर लिजनेला या कोमट पाण्यात वाढणाऱ्या रोगजंतूंचा धोका. तिथे हे बटण फार खाली नेऊ नका.

तरी राहिलीच, तर रेडिएटरचे पाय बघा. फळीत नेमकं १५ मिलिमीटरचं भोक पाडून पाइप वर काढलेला असतो. दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनची पट्टी कापून पाइप आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवा. तेवढ्याने बऱ्याच घरांत रात्रीची झोप परत आलीय. रेडिएटर ज्या ब्रॅकेटवर टांगलाय त्यावरचा प्लास्टिकचा तुकडा पडला असेल तर तोही टकटकतो. शेवटी फळी. विजेच्या वायरी याच पोकळीतून जातात, म्हणून मेन स्विच बंद करा आणि करवत फळीच्या जाडीपेक्षा खोल घालू नका. खाचेत फेल्टची पट्टी घाला. खाच अपुरी पडली म्हणून आणखी खोल करू नका, पाइपावरच्या फळीची खालची बाजू थोडी तासा. पाइप जिथे वळतो तिथे कोपरा आणि लाकूड यांत बोटभर जागा राहू द्या, कारण लांबलेला पाइप तिकडेच ढकलला जातो. फळी परत बसवताना खिळे नकोत, स्क्रू लावा, आणि खालून पाइप कुठून जातो ती रेघ पेन्सिलने फळीवर ओढून ठेवा.