वाढत्या अंगाचं

पियानोच्या स्पर्धेत वाजवायचं काय, हे ठरवणं वाजवण्यापेक्षा अवघड असतं, यावर आमच्या घरात सध्या एकमत आहे. बाकी कशावरही नाही. स्पर्धा डिसेंबरात, मुंबईला. गट बारा वर्षांखालचा. तीन रचना हव्यात: एक बाखच्या काळातली, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, एक एकोणिसाव्या शतकातली, एक विसाव्या. तिन्ही मिळून सहा मिनिटांच्या आत, समोर कागद न ठेवता. सहा मिनिटं झाली की परीक्षक घंटी वाजवतात आणि पोराने जिथे असेल तिथे हात उचलायचे. कन्या अकरा वर्षांची आहे. तिच्या मिस, माझी आई, मी आणि शेजारचे काका असं आमचं सल्लागार मंडळ. त्यात पियानो फक्त मिसना येतो, त्यामुळे सगळ्यात कमी बोलतात त्या.

काका गुजराती. त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठाम आहे: "पेलुं वगाड ने बेटा, गाडी रिव्हर्समां ले त्यारे वागे ते." म्हणजे गाडी मागे घेताना वाजतं ते, बेथोवेनचं 'फ्युर एलिझ'. एके काळी आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या गल्लीत गाड्या मागे येताना बेथोवेनला बरोबर घेऊन यायच्या, त्यामुळे काकांच्या लेखी हे पार्किंगचं गाणं. बिचाऱ्या बेथोवेनने ते 1810 मध्ये लिहिलं आणि छापून आलं 1867 मध्ये, तो जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. स्पर्धेत ते वाजवू नये असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण परीक्षकांच्या कानात ते आधीच इतक्या वेळा वाजून गेलेलं असतं, की अकरा वर्षांच्या मुलीने त्यात नवीन काय सांगावं? मिस नुसत्या हसल्या. काकांनी तो होकार समजला आहे.

कन्येची मागणी याहून मोठी. तिला शोपँचा 'फँटेसी-इम्प्रॉम्प्टू' हवा. मोबाइलवर कुणी तिच्याहून लहान मुलगा तो सटासट वाजवताना तिने पाहिलाय. उजव्या हाताचे चार स्वर पडतात तेवढ्या वेळात डाव्याचे तीन. दोन्ही हात आपापल्या हिशोबाने धावतात आणि समेवर भेटतात. मी लहानपणी सूरसागर तलावाच्या काठावरच्या आपल्या संगीत कॉलेजात संध्याकाळी तबला शिकायला जायचो. असलं लयीचं गणित ऐकलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, म्हणून पहिले काही दिवस मी तिच्याच बाजूने होतो. शोपँने हयातीत तो तुकडा छापलाच नव्हता. 1849 मध्ये तो गेला आणि 1855 मध्ये त्याच्या मित्राने छापला, ही माहितीही मी मिसना ऐकवली. त्याचा या प्रकरणाशी काय संबंध, हे त्यांनी विचारलं नाही. त्या सभ्य आहेत.

त्यांनी फक्त कन्येचा उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक सप्तक गाठायला सांगितलं. सा ते वरचा सा, पियानोवर हे अंतर साधारण साडेसोळा सेंटिमीटर. करंगळी पोचली, पण ताणून, पट्टीच्या कडेला नखाने टेकून, आणि मधली तिन्ही बोटं त्या ताणाने काठीसारखी उभी राहिली. असल्या हाताने एक सप्तक एकदा वाजतं. पानभर वाजवलं की मनगट आखडतं आणि मग आवाज ठोकल्यासारखा येतो. मिस म्हणाल्या, "दोन-तीन वर्षांनी हेच आपण मजेत वाजवू." कन्येने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

आपण मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतो. मंगळबाजारात दुकानदाराने बरोबर मापाचा फ्रॉक काढला की आई म्हणणार, "याहून एक नंबर मोठा दाखवा." खाली दुमडून शिवायचा, पुढच्या दिवाळीला उसवायचा. स्पर्धेचं गाणंही पालक याच नजरेने निवडतात, हे मला गेल्या वर्षी तिथे मागच्या रांगेत बसून कळलं. एकामागून एक मुलं स्टेजवर येत होती आणि एकेकाच्या अंगावर बाह्या लोंबत होत्या. स्वर सगळे बरोबर, वेगही भन्नाट, पण मुलाचं सगळं लक्ष पुढच्या कठीण वळणावर. वळण आलं की खांदे वर, गेलं की सुस्कारा. ऐकणाऱ्यालाही तेवढाच सुस्कारा. त्यांच्यात एका मुलीने शूमनच्या मुलांसाठीच्या संग्रहातलं एक छोटंसं गाणं वाजवलं. 1848 मध्ये शूमनने थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी काही तुकडे लिहिले, त्यातून हा त्रेचाळीस रचनांचा संग्रह वाढला. ते अगदी सोपं होतं, आणि शेजारच्या बाईंनी चिवड्याची पिशवी उघडायची थांबवली.

हे सगळं आईला सांगावं लागलं नाही. ती गाणं शिकलेली आहे. "बालगटात दरबारी राग देतात का कुणी?" तिने विचारलं. "भूप देतात, दुर्गा देतात. दरबारीचा गंधार आंदोलायला निदान काही तरी सोसलेलं असावं लागतं." पियानोचं तिला काही कळत नाही असं ती म्हणते, पण लिहिलेलं गाणं तिला परकं नाही. 1886 मध्ये सयाजीराव महाराजांनी गवई मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली, तेव्हापासून या गावाला गाणं कागदावर उतरवून शिकवायची सवय आहे. 1916 मधली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी भरवली तीही इथेच. आईच्या वहीत अजून भातखंडे लिपीतल्या चिजा आहेत, पेन्सिलीने, मात्रांच्या खुणांसकट. नातीच्या पाच रेघांच्या कागदाकडे ती त्याच नजरेने बघते.

बाखची निवड आईमुळे झाली. बाखचे दोन सुरावटींचे पंधरा 'इन्व्हेन्शन', म्हणजे छोटे तुकडे, 1723 च्या हस्तलिखितात आहेत. त्यांचे आधीचे खर्डे त्याने थोरल्या मुलाच्या शिकण्याच्या वहीत लिहिले होते, आणि ती वही सुरू झाली तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा. म्हणजे हे माप मुळातच पोराचं आहे. शिवाय प्रस्तावनेत बाखने स्वच्छ लिहून ठेवलंय की दोन्ही सुरावटी नीट वाजाव्यात आणि मुख्य म्हणजे बोटांना गाता यावं. स्पर्धेत बहुतेक मुलं आठवं किंवा तेरावं घेतात, कारण ते चमकतात. मिस त्या दुपारी एकेक थोडं थोडं वाजवून दाखवत होत्या. चौथं सुरू झालं आणि आई स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊनच बाहेर आली. "हा कीरवाणी राग आहे."

आणि खरंच की. डी मायनर, म्हणजे डी ला सा धरला तर गंधार कोमल, धैवत कोमल, निषाद शुद्ध. सा रे ग म प ध असं सरळ चढत जातं, आणि वरचा निषाद घेईल असं वाटत असताना धाडकन खालच्या निषादावर उडी. तिथून परत वर धैवतावर, मग प म ग रे. ती उडी म्हणजे त्या गाण्याचा प्राण. आईने ती गाऊन दाखवली, पळीसकट, कन्येने वाजवली, आई म्हणाली, "तू उडी मारतेस. मी तिथे जाते." मग दोघी बराच वेळ त्या एका उडीवर बसून होत्या. पोळ्या बाहेरून मागवाव्या लागल्या.

चौथ्यात एक काटा आहे. मध्यावर उजव्या हाताला लांबलचक ट्रिल येते, दोन शेजारचे स्वर भराभर आलटून पालटून, आणि खाली डावा हात गात राहतो. इथवर ठीक. पुढे तीच ट्रिल डाव्या हाताला येते. उजवा हात लिहितो, जेवतो, चावी फिरवतो. डाव्याला घरात कुणी कामच सांगितलेलं नसतं. तो चार-सहा सेकंदांत थकतो, आणि थकला की ट्रिल जड होऊन वरचं गाणं बुडवते. मिसच्या मते मात्र एवढी एकच अडचण असलेलं गाणं म्हणजे नशीब. अडचण कुठे आहे हे माहीत असलं की रोज तिथेच बसता येतं. सगळीकडे थोडी थोडी पसरलेली असली की मुलं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत बसतात आणि त्यालाच सराव म्हणतात.

एकोणिसाव्या शतकासाठी मिसनी ग्रीगची 'आरिएट्टा' काढली. 1867 साली छापलेल्या त्याच्या पहिल्या 'लिरिक पीसेस'मधली पहिलीच. एक पान, संथ. वर गाणं, खाली खर्ज आणि मधले झुळझुळते स्वर दोन्ही हातांनी वाटून घ्यायचे, ऐकणाऱ्याला मात्र एकाच हाताचे वाटले पाहिजेत. मी हरकत घेतली. संथ गाण्यात लपायला जागा नसते. भरधाव तुकड्यात एखादा स्वर सांडला तरी धुरळ्यात जातो. मिस म्हणाल्या, "म्हणूनच." ग्रीगने पुढे चौतीस वर्षं असे तुकडे लिहिले, एकूण सहासष्ट, आणि शेवटच्या तुकड्यात हीच 'आरिएट्टा' वॉल्ट्झच्या चालीत परत आणली, हे त्यांनी कन्येला सांगितलं. कन्येने लगेच तो शेवटचाही वाजवायचा असं जाहीर केलं. या मुलीला एक नंबर मोठाच लागतो.

विसावं शतक मात्र माझं. बार्टोकच्या 'मिक्रोकॉसमॉस'मध्ये सहा खंड आणि 153 रचना आहेत, पहिल्या इतक्या सोप्या की कालच बसलेल्या मुलाने वाजवाव्यात, शेवटच्या मैफलीच्या. चौथ्या खंडात 'बल्गेरियन ठेका' आहे, सात मात्रांचा. कन्या तिथे अडखळत होती. तिच्या कानात नवरात्राची हींच, गरब्याचा सहा मात्रांचा ठेका, बसलेली; सहावर टाळी पडली की पाऊल आपोआप वळतं. सातवी मात्रा तिला वाटेतला दगड वाटायची. ती एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन असं मोजत होती आणि मोजण्याच्या नादात वाजवणं राहत होतं. मी टेबलावर ठेका धरला: ती ती ना, धी ना, धी ना. रूपक, आपला सात मात्रांचा ताल. पण रूपकात आधी तीन आणि मग दोन-दोन; बार्टोकचं उलटं. म्हणून ठेका चौथ्या मात्रेपासून उचलला: धी ना, धी ना, ती ती ना. दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा तिचे हात त्यात शिरले, मोजणं सुटलं. मिसनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. तबला शिकून मला आजवर एवढा मान कुठे मिळाला नव्हता.

क्रमावरून पुन्हा चर्चा. रिवाजाप्रमाणे बाख पहिला असतो. पण तबलजी आपला तबला बरोबर नेतो, स्टेजवर ठोकून जुळवतो. पियानोवाल्याला मिळेल त्या पियानोवर बसावं लागतं. आमच्या घरी डिजिटल आहे, तिथे लांबलचक ग्रँड असणार, पट्ट्यांचं वजन निराळं, हॉल थंडगार आणि बोटंही. म्हणून 'आरिएट्टा' पहिली: सावकाश, हलक्या हाताने, पियानो कसा बोलतो ते ऐकून घ्यायला. मग बाख, शेवटी बार्टोक. पाठांतराची परीक्षा मिस अशी घेतात की मधलाच एखादा आकडा उच्चारतात, "मात्राखंड बावीस", आणि तिथून सुरू करायचं. अडखळलं की मुलं सुरुवातीला पळतात. त्याऐवजी पुढच्या खुणेवर उडी मारता आली पाहिजे. कागद डोळ्यांसमोर दिसतो का, की नुसती बोटं पळतात, तेही यात उघडं पडतं.

तिन्ही मिळून चार मिनिटंही भरत नाहीत. मी हळूच म्हटलं, अजून दोन मिनिटं शिल्लक आहेत, मुंबईपर्यंत जायचं आणि लगेच उतरायचं? आईने माझ्याकडे असं पाहिलं की फॉर्म मी तिथेच भरला.

आता नवरात्र तोंडावर. नऊ रात्री गरबा आणि सकाळी डोळे उघडत नाहीत, त्यामुळे वडोदऱ्यात या दिवसांत कुठल्याही वाद्याचा सराव होत नसतो आणि मिसना ते ठाऊक आहे. तडजोड अशी ठरली की बाकी सगळं बंद, डाव्या हाताची ट्रिल मात्र रोज, पियानो असो वा नसो. परवा चणियाचोळीच्या मापासाठी तिला स्कूटरवरून नेत होतो. न्यायमंदिरापाशी गर्दीत अडकलो, आणि मागून माझ्या खांद्यावर दोन बोटं सुरू झाली. आधी हलकी, मग वेगात, मग जड. "बाबा, मोजा ना, किती वेळ टिकते ते." मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मी मोजत होतो.