शून्य जकात आणि अडकलेला ट्रक

डब्लिनच्या एका मालवाहतूक कंपनीत मी कस्टमची कागदपत्रं बघते. ब्रिटन युरोपीय संघाच्या जकात व्यवस्थेतून बाहेर पडल्यावर, जानेवारी २०२१ मध्ये, आमचा एक ट्रक पलीकडे ब्रिटनच्या होलिहेड बंदरात अडकला. आत बऱ्याच व्यापाऱ्यांचा माल होता आणि एका कपडेवाल्याचे कागद अपुरे होते. एकाचं अडलं की अख्ख्या ट्रकला बोटीवर चढता येत नाही.

त्याचा फोन आला. "अहो, ब्रिटनशी शून्य जकातीचा करार झालाय ना? मग मी बारा टक्के का भरायचे?"

प्रश्न रास्त होता. पण सवलत होती ती ब्रिटनमध्ये किंवा संघात तयार झालेल्या मालाला. याचे कपडे चीनमध्ये शिवलेले. ब्रिटनमध्ये उतरताना त्यांच्यावर एकदा जकात बसली होती, आता संघातच राहिलेल्या आयर्लंडमध्ये दुसऱ्यांदा. महिन्याभरापूर्वी एकदा आत आलेला माल पार लिस्बनपर्यंत गेला असता तरी कोणी अडवलं नसतं.

नुसत्या व्यापार करारात प्रत्येक देश बाहेरच्या मालावर आपापली जकात लावतो, म्हणून माल मुळात कुठला हे सीमेवर बघावंच लागतं. ते नको असेल तर सगळ्यांची बाहेरची जकात एकच हवी. युरोपातल्या सहा देशांनी ती १९६८ मध्ये केली. पण तेवढ्याने भागत नाही. औषधं, खेळणी, मांस यांचे नियमही जुळायला हवेत, ते ठरवायला संसद हवी, तंटा सोडवायला न्यायालय हवं. व्यापार सोपा करता करता शेजारी राजकारणातही बांधले जातात ते असे. खरं तर युरोपात आधी होती युद्धाची धास्ती: फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीसह सहा देशांनी १९५१ च्या कराराने कोळसा-पोलाद सामायिक अधिकाराखाली दिलं, ते पुन्हा लढाई होऊ नये म्हणूनच.

त्याच दुपारी न्यूरीहून दुसरा ट्रक आला. न्यूरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्याच राज्यात. तरी वाटेत कस्टमचा एक कागद कोणी मागितला नाही, कारण मालापुरते तिथे संघाचेच नियम ठेवलेत. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षात त्या सीमेवरच्या कस्टम चौक्यांवर एकेकाळी बॉम्बहल्ले झालेत, टेकड्यांवर सैन्याचे मनोरे होते. १९९३ मध्ये आलेल्या युरोपीय संघाच्या एकल बाजारपेठेने चौक्या गेल्या, १९९८ च्या शांतता करारानंतर हळूहळू मनोरेही. हा रस्ता मोकळा राहावा म्हणून कितीही किचकट नियम लिहावे लागले तरी ते लिहिण्यासारखेच आहेत, असं मला मनापासून वाटतं.

कपडेवाल्याने संध्याकाळी जकात भरली. पुढचा माल ब्रिटनमध्ये उतरवायचाच नाही, फ्रान्समधल्या डंकर्कहून थेट आयर्लंडमधल्या रॉसलेअरच्या बोटीने आणायचा, असं त्याने सांगितलं. प्रवास जवळपास एका दिवसाचा, पण वाटेत कस्टम नाही. मी लगेच जागेची चौकशी केली.